किनाऱ्यावर लोखंडाच्या पट्ट्या टांगा आणि दरवर्षी मोजा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरीत गेली २६ वर्षं फॅब्रिकेशन करतो. गेट, ग्रिल, लोखंडी जिने, पत्र्याच्या शेड, आणि मिरकरवाड्याच्या बोटींची किरकोळ वेल्डिंगची कामं. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितोय, लांब झालं तर कापा, पण मधला पट्ट्यांचा भाग तेवढा ठेवा, तोच सांगायचाय.

गेल्या मे महिन्यात मांडवीला माझ्या आत्याच्या घरी पोर्चच्या स्लॅबचा एक थर पडला. दुपारची वेळ, खाली कोणी नव्हतं म्हणून निभावलं, नाहीतर तिथेच नातवंडं कॅरम खेळत बसतात. मी गेलो तर सळई उघडी, वर गंजाचे पापुद्रे, हाताने सोलले तर वेफरसारखे निघत होते. पडलेला तुकडा उचलून स्टीलची मोजपट्टी लावली, सळईवर सिमेंटचं कव्हर किती तर १५ मिलिमीटर, एका ठिकाणी १२. समुद्राचे तुषार येतात अशा जागी आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय स्टँडर्डमध्ये, कमीत कमी ५० मिलिमीटर सांगितलंय. ज्याने काम केलं तो काही लबाड माणूस नव्हता, घाटावर काम शिकलेला, तिकडे चाललं तेच इकडे केलं. आणि गंज हा लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापट जागा घेतो, त्यामुळे सळई आतून फुगते आणि काँक्रीटला ढकलून बाहेर काढते. स्लॅब पडायच्या आधी दोन-तीन वर्षं बारीक रेघ दिसत होती, आत्या म्हणाली पावसाने आली असेल.

पत्र्यांचंही तेच. गिऱ्हाईक येतं, म्हणतं स्वस्तातला जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पत्रा दाखवा. १२० जीएसएमचा पत्रा म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त, म्हणजे एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉनचा थर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आयएसओचं जे ९२२३ नंबरचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे त्यात हवा धातूला किती खाते त्यावरून हवेचे वर्ग पाडलेत, सी१ पासून सी५ आणि त्याच्याही वर सीएक्स. सी५ हवेत पहिल्या वर्षाला जस्त ४.२ ते ८.४ मायक्रॉन जातं आणि साधं लोखंड ८० ते २०० मायक्रॉन. आता हिशेब तुम्हीच करा, तो पत्रा किती दिवस टिकणार. पण माझं गिऱ्हाईक विचारतं की माझ्या घराची हवा सी३ की सी४ की सी५, तर मी काय सांगू? समुद्राकाठी मिऱ्यावर राहणारा आणि आत खेडशीत राहणारा या दोघांना एकच पत्रा विकायचा का? अंदाज मला २६ वर्षांत आलाय, पण अंदाज म्हणजे माप नव्हे, आणि अंदाजावर मी कुणाचे पैसे खर्च करायला लावू शकत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की बघितलीय. लोकांना वाटतं पावसाने गंजतं. खरं जास्त खातं ते पावसाच्या आडोशाला. गेटची खालची कड, वळचणीखालचे अँगल, पत्र्याची आतली बाजू, जिथे मीठ बसतं पण धुऊन जात नाही. पावसाळ्यात मीठ धुतलं तरी जातं, आणि मग दसऱ्यानंतर रोज थोडं थोडं बसत राहतं, रात्री दव पडतं आणि ते मीठ ओलं होतं. हवेचा दमटपणा ७५ टक्क्यांच्या आसपास गेला की साधं मीठ आपोआप पाझरायला लागतं, श्रावणात बरणीतलं मीठ ओलं होतं ना तसंच, लोखंडावर बसलेलं मीठ पण पाणी ओढून घेतं.

माप कसं घेतात त्यासाठी आता नासाचं सांगतो. त्यांचं फ्लोरिडातलं केनेडी स्पेस सेंटर अगदी समुद्राला लागून आहे, लाँचपॅडचं सगळं लोखंड खाऱ्या वाऱ्यात. त्यांनी काय केलं, तर १९६६ पासून तिथल्या किनाऱ्यावर, भरतीच्या रेषेपासून ३० मीटरच्या आसपास, मांडण्या उभ्या केल्या आणि त्यावर रंगवलेल्या, न रंगवलेल्या, वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या लावून ठेवल्या. वर्षानुवर्षं तशाच, उन्हात वाऱ्यात. ठरलेल्या वेळी काढायच्या, मोजायच्या, फोटो काढायचे, वहीत नोंद. त्यातून त्यांना कळलं की कुठला जस्ताचा प्रायमर तिथे टिकतो आणि कुठला रंग दोन वर्षांत सुटतो. चंद्रावर माणूस पाठवणारी माणसं, पण गंजासाठी त्यांनी समुद्रावर पट्ट्याच टांगल्या, कारण खोलीत मिठाचा फवारा मारून, म्हणजे ५ टक्के मीठ आणि ३५ डिग्री तापमानाची जी सॉल्ट स्प्रे टेस्ट असते त्यातून, दोन रंगांची तुलना होते, पण खऱ्या हवेत किती वर्षं जातील ते नीट कळत नाही.

वर अंतराळातसुद्धा हेच केलं त्यांनी. एप्रिल १९८४ मध्ये एलडीईएफ नावाचा बसएवढा एक सांगाडा शटलमधून कक्षेत सोडला, त्यावर ५७ प्रयोग आणि १० हजारांवर नमुने. एका वर्षाने आणायचा होता, पण १९८६ चा चॅलेंजर शटलचा अपघात झाला आणि तो जानेवारी १९९० मध्ये खाली आला, पावणेसहा वर्षांनी. त्या उंचीवर उन्हाने ऑक्सिजनचे रेणू फुटून सुटे अणू होतात आणि उपग्रह सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या वेगाने त्यात घुसतो, ते सुटे अणू प्लॅस्टिकची फिल्म अक्षरशः खाऊन टाकतात. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो, म्हणजे वर पण ऑक्सिजनच खातो आणि खाली आमच्या गेटला पण ऑक्सिजनच खातो. त्याच सांगाड्यावर टोमॅटोच्या सव्वा कोटी बिया होत्या, त्या परत आणून शाळेच्या मुलांना वाटल्या, मुलांनी पेरल्या आणि काय उगवलं ते लिहून कळवलं. मुलांच्या हातात खरं मोजमाप दिलं, हे मला फार आवडलं.

आपल्याकडेही काम झालेलं आहे, नाही असं नाही. तमिळनाडूत कराईकुडीची सेक्री ही संस्था गंजावरच काम करते, त्यांचं मंडपमला समुद्राजवळ केंद्र आहे. अंबरनाथला नौदलासाठी साहित्य तपासणारी प्रयोगशाळा आहे. पण डहाणू, अलिबाग, हर्णे, गुहागर, देवगड, वेंगुर्ला, शाळेत ७२० किलोमीटर म्हणून शिकलेला हा आपला किनारा, इथल्या एकेका गावाच्या हवेचा आकडा आमच्यासारख्या काम करणाऱ्याच्या हातात कुठे आहे? मालवणला राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला पडला, अनावरणाला नऊ महिने पण झाले नव्हते, आणि नटबोल्टांना गंज दिसतोय असं पीडब्ल्यूडीने आधी कळवल्याचं तेव्हा पेपरांत आलं होतं. कुणाची चूक यात मी पडत नाही, ते ठरवणारे ठरवतील. मला त्या दिवशी रात्रभर झोप लागली नाही एवढंच सांगतो.

तर मी माझ्यापुरतं सुरू केलंय. साध्या एमएसच्या, म्हणजे माइल्ड स्टीलच्या, १०० बाय ५० मिलिमीटरच्या, ३ मिलिमीटर जाडीच्या सहा पट्ट्या कापल्या, कडा घासल्या, थिनरने पुसल्या, प्रत्येकीला पंचने नंबर मारला. एक पट्टी साधारण ११८ ग्रॅमची होते. नेमकं वजन करायला ओळखीच्या सोनारांकडे गेलो, त्यांचा काटा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवतो, त्यांनी हसत हसत करून दिलं आणि कागदावर सही पण केली. तीन पट्ट्या मिऱ्याला एका घराच्या गच्चीवर, समुद्राकडे तोंड करून ४५ अंशात, प्लॅस्टिकच्या खाचेत बसवून, म्हणजे लोखंडाला लोखंड लागणार नाही. तीन खेडशीला. वर्षाने काढून गंज अ‍ॅसिडने उतरवायचा, त्यात इन्हिबिटर घालायचं म्हणजे चांगलं लोखंड कमी खाल्लं जातं, आणि शेजारी एक कोरी पट्टी पण बुडवायची, तिचं जेवढं घटेल तेवढं वजा करायचं. या मापाच्या पट्टीत १ ग्रॅम घटला म्हणजे सगळीकडून साधारण १२ मायक्रॉन लोखंड गेलं. त्या हिशेबाने वर्षात ७ ग्रॅमच्या आसपास घट आली की सी५ ची हद्द सुरू झाली.

माझा भाचा पॉलिटेक्निकला आहे, त्याने दुसरी एक गोष्ट शोधून काढली. बाटलीत पाणी आणि ग्लिसरीन घालायचं, त्यात कापडी वात उभी करायची, समईसारखी, वर छोटंसं छप्पर. वारा मीठ आणतो ते ओल्या वातीला चिकटतं आणि खाली बाटलीत उतरतं. महिन्याने बाटलीतलं मीठ सिल्व्हर नायट्रेटने मोजायचं, बारावीच्या प्रॅक्टिकलला करतात तसलंच टायट्रेशन, थेंब थेंब घालून मोजायचं. त्यातून कळतं की चौरस मीटरवर रोज किती मिलिग्रॅम मीठ बसतंय. याला ना मोठी मशीन लागते ना लाखांचं बजेट.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की किनाऱ्यावरच्या प्रत्येक तालुक्यात एका आयटीआय, पॉलिटेक्निक किंवा कॉलेजला एक मांडणी द्या, त्यावर लोखंड, जस्त, तांबं, अ‍ॅल्युमिनियम या चार धातूंच्या पट्ट्या आणि दोन वाती, एक समुद्राला लागून आणि एक तीन-चार किलोमीटर आत. पोरांना मायक्रोमीटर धरायला शिकवताना प्लॅस्टिकच्या पाइपचे तुकडे मोजायला देतात, त्याऐवजी हे द्या. आणि आकडे दरवर्षी तुमच्यासारख्या पेपरात छापा, पावसाचे मिलिमीटर छापता तसेच. मग गिऱ्हाईक दुकानात आलं की मी कात्रण दाखवीन, आर्किटेक्ट एस्टिमेटमध्ये लिहील, आणि मुंबईत बसून टेंडर काढणाऱ्याला पण कळेल की गुहागरच्या जेट्टीचा कठडा आणि चिपळूणच्या ऑफिसचा कठडा एकाच रंगाने चालणार नाही.

माझ्या पट्ट्या दिवाळीत टांगल्यात, पुढच्या दिवाळीला खाली काढणार. ज्या शिक्षकांना किंवा मुलांना बघायला यायचं असेल त्यांनी खुशाल यावं, गंज उतरवायच्या दिवशी दुकान बंद ठेवीन. सोनारांनी काटा द्यायचं कबूल केलंय.

आपला,
एक फॅब्रिकेटर, रत्नागिरी