जॅव्हलिन आणि आरपीजी सारखंच करून कसं चालेल?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत अधूनमधून गेमिंगवर येतं म्हणून लिहितोय. मिलिटरी गेम खेळणाऱ्या आम्हा लोकांत एका गोष्टीवरून कायम वाद असतो, एका बाजूला अमेरिकन सैन्य, दुसऱ्या बाजूला बंडखोर, अमेरिकनांकडे जॅव्हलिन (खांद्यावरून सोडायचं रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र) आणि बंडखोरांकडे आरपीजी-७ (खांद्यावरूनच मारायचं साधं रॉकेट), की लगेच ओरड सुरू, जॅव्हलिनचं डॅमेज, म्हणजे मारक ताकद, कमी करा नाहीतर आरपीजीचं वाढवा. मला हे अजिबात पटत नाही. २०११ च्या बॅटलफिल्ड ३ या गेममध्ये अमेरिकनांना स्मॉ नावाचं रॉकेट लाँचर होतं, रशियनांना आरपीजी, पण मारा जवळपास सारखाच, मग फॅक्शन, म्हणजे दोन बाजू, वेगळे कशाला ठेवायचे?

जॅव्हलिन १९९६ पासून वापरात आहे. टार्गेटवर लॉक करून सोडलं की क्षेपणास्त्र वर चढतं आणि रणगाड्याच्या छपरावर येऊन पडतं, तिथलं चिलखत सगळ्यात पातळ. मी नगरचा, इथल्या रणगाडा म्युझियममध्ये लहानपणापासून जातोय, समोर उभं राहिलं की रणगाडा भिंतच वाटतो, त्यामुळे छपरावरून मारायची ही युक्ती किती भारी आहे ते मला लगेच कळलं. पण त्याच जॅव्हलिनचा संच साधारण २२ किलोचा, थर्मल साइट (उष्णतेवरून टार्गेट दाखवणारी दुर्बीण) थंड होईपर्यंत थांबायचं, वरून मारायचं तर टार्गेट निदान १५० मीटर लांब हवं, आणि एक क्षेपणास्त्र लाख डॉलरच्या वर जातं. हे सगळं गेममध्ये आणा की! टीमला दोनच द्या, घेऊन पळणाऱ्याला दम लागू द्या, म्हणजे डॅमेजला हातच लावायला नको.

आरपीजी १९६१ चं. चालत्या रणगाड्यावर ३०० मीटरपर्यंतच भरवसा, शिवाय आडवा वारा असला की रॉकेट वारा जिकडून येतोय तिकडेच वळतं, नवीन पोरं नेमकी इथेच नेम चुकवतात. साध्या रॉकेटने आजच्या रणगाड्याचं पुढचं चिलखत फुटत नाही, आणि गेममध्येही फुटू नये. त्याऐवजी बंडखोरांना आरपीजी भरपूर द्या आणि मॅप शहराचा द्या. १९९४ च्या शेवटी चेचन्याची राजधानी ग्रोझनीत रशियन रणगाडे घुसले तेव्हा चेचेन लोकांनी हेच केलं, ताफ्यातली पहिली आणि शेवटची गाडी आधी उडवायची, मधल्या अडकतात, मग वरच्या मजल्यांवरून आणि तळघरांतून एकाच गाडीवर तीन-चार जणांनी मारायचं, रणगाड्याची तोफ तेवढी वर किंवा खाली वळतच नाही. असा मॅप असेल तर आरपीजीवाला जॅव्हलिनवाल्याला भारी पडतो, आणि ते खरं वाटतं. उघड्या वाळवंटात मात्र बंडखोरांनी हरायलाच पाहिजे, तिथे त्यांना जिंकवायला आकडे फिरवू नका, रणगाडा गमावल्यावर अमेरिकन टीमची जास्त तिकीटं (संपली की टीम हरते ते पॉइंट) कापा.

तुमच्याकडे गेमचं परीक्षण लिहिणाऱ्यांनी ग्राफिक्सबरोबर याबद्दलही दोन ओळी लिहाव्यात, एवढी विनंती.

आपला एक वाचक,
अहिल्यानगर