राखणीच्या कुत्र्यांसाठी जिल्ह्यात एक तरी होल्टर हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुत्र्याच्या गळ्यात बांधल्यावर त्याच्या हृदयाचे ठोके मालकाच्या मोबाईलवर दाखवणाऱ्या ‘स्मार्ट’ पट्ट्यांच्या जाहिराती हल्ली वरचेवर दिसतात आणि आमच्या भागातील काही बागायतदारांनी त्या मागवल्याही आहेत. पट्टी निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ठोक्यांचा वेग मोजणे वेगळे आणि त्यांची लय तपासणे वेगळे. जाहिरातीत हा फरक सोयीस्करपणे गाळलेला असतो. लयीसाठी लागतो तो होल्टर, म्हणजे अंगावर बांधून चोवीस तास हृदयाचा आलेख (ईसीजी) नोंदवणारे छोटे यंत्र; हे पत्र त्यासाठीच आहे.

निरोगी कुत्रा स्वस्थ पडलेला असताना त्याचे ठोके मुळातच एकसारखे पडत नाहीत. श्वास घेताना ते जलद होतात, सोडताना मंदावतात आणि गाढ झोपेत दोन ठोक्यांमध्ये दोन सेकंदांचा खंड पडला तरी तो बहुधा आजार नसतो. माणसासाठी बेतलेल्या यंत्राला नेमका हाच प्रकार रोग वाटू शकतो. त्वचेवर प्रकाश टाकून नाडी टिपण्याची मनगटी घड्याळाची युक्तीही दाट केसांपुढे फारशी चालत नाही. ठोके नुसतेच वाढलेले दिसले, तर आपल्याकडे आधी कानामागचे गोचीड पाहावेत. गोचीडतापाने रक्त कमी झाले तरी ठोके वाढतात.

लय पाहायची तर ईसीजीच लागतो. त्यातही दवाखान्याच्या टेबलावर पाच मिनिटे काढलेला आलेख पुरत नाही, कारण दिवसभरातील लाखभर ठोक्यांपैकी बिघडलेले शे-दोनशे ठोके नेमके त्याच पाच मिनिटांत पडतील असे नाही. यासाठी होल्टर वापरतात: छातीच्या दोन्ही बाजूंचे केस काढून इलेक्ट्रोड चिकटवायचे, वरून जाकीट घालायचे आणि कुत्र्याला चोवीस तास त्याच्या नेहमीच्या कामावर सोडायचे. डॉबरमनमध्ये हृदयाचा स्नायू कमकुवत होण्याचा आनुवंशिक आजार बराच आढळतो व कधीकधी अचानक मृत्यू हेच त्याचे पहिले लक्षण ठरते. म्हणूनच युरोपातील पशुहृदयरोगतज्ज्ञांच्या 2017 सालच्या मार्गदर्शक सूचनांत या जातीसाठी वयाच्या तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी होल्टर तपासणी सुचवली आहे. हृदयाच्या खालच्या कप्प्यातून अवेळी उठणारे ठोके चोवीस तासांत 300 हून अधिक असतील, तर आजार आहे असे त्यांत मानले आहे.

आमच्या शेजारच्या कलमांच्या बागेत माकडांमागे धावणारा डॉबरमन एकदा धावता धावता आडवा झाला आणि काही क्षणांत उठून पुन्हा भुंकू लागला. सर्वांनी आकडी म्हटले, औषधही आकडीचेच सुरू झाले. वास्तविक आकडीनंतर जनावर बराच वेळ भांबावलेले राहते. लय बिघडून आलेली मूर्च्छा सहसा लगेच ओसरते. मोठ्या शहरात नेऊन चोवीस तासांचा आलेख काढला, तेव्हा दोष हृदयात असल्याचे समजले. एवढा प्रवास प्रत्येक मालकाला झेपणार नाही, आणि आजारी कुत्र्याला तर नाहीच.

प्रत्येकाने यंत्र विकत घ्यावे अशी माझी मुळीच सूचना नाही. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात एक-दोन होल्टर ठेवावेत, ते अनामत रक्कम घेऊन तालुक्याच्या दवाखान्यामार्फत द्यावेत आणि नोंद संगणकावरून परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातील किंवा अन्य तज्ज्ञांकडे वाचनासाठी पाठवावी. यंत्रासोबत एक साधी वही द्यावी, म्हणजे कुत्रा केव्हा धावला, केव्हा झोपला, केव्हा कोसळला हे मालकाला वेळेसह लिहिता येईल. या नोंदीशिवाय आलेखाचा अर्थ नीट लागत नाही. आपल्याकडील पावसाळी दमट हवेत इलेक्ट्रोड सुटतात, त्यामुळे नेहमीच्या तपासण्या शक्यतो पावसाळ्यानंतर ठेवाव्यात. कोसळणाऱ्या कुत्र्याची तपासणी मात्र पावसाळ्यासाठी लांबवू नये. जिल्हा नियोजन समितीने येत्या वार्षिक आराखड्यात यासाठी तरतूद करावी, अशी विनंती आपल्या पत्रातून करीत आहे.

आपला विश्वासू,
एक बागायतदार, जि. रत्नागिरी