पक्षाघाताचे संशोधन रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पक्षाघातावर नवे औषध आले की त्याची बातमी ठळकपणे छापली जाते, आणि ती छापायलाच हवी. मात्र पक्षाघाताच्या रुग्णाची शुश्रूषा कशी करावी यावरचे संशोधन, जे परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि घरची माणसे यांच्या रोजच्या कामाचे असते, ते बहुधा वैद्यकीय नियतकालिकांतच पडून राहते.

माझ्या वडिलांना झटका आला त्या दिवशी त्यांनी पाणी मागितले आणि मी चमच्याने पाजू लागले. परिचारिकेने माझा हात धरला, ‘तोंडाने काहीही द्यायचे नाही’ एवढेच सांगितले आणि ती पुढच्या खाटेकडे वळली. तिचे बरोबर होते. पक्षाघातात गिळण्याचे स्नायू दुबळे झाले असतील, तर पाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत गोळीसुद्धा तोंडावाटे द्यायची नसते. हे कारण मला कळले ते काही महिन्यांनी, आणि तोवर मी त्या बाईंना मनातल्या मनात निर्दयी ठरवून मोकळी झाले होते.

गिळणे, ताप आणि रक्तातील साखर या तीन गोष्टींकडे परिचारिकांनी पहिले ७२ तास ठरलेल्या पद्धतीने लक्ष दिले तर काय होते, याचा अभ्यास ऑस्ट्रेलियातील १९ पक्षाघात कक्षांत झाला आणि २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९० दिवसांनंतर दगावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण या पद्धतीच्या कक्षांत ४२ टक्के, तर उरलेल्या कक्षांत ५८ टक्के भरले. उरलेल्या कक्षांना काहीच दिले नव्हते असे नाही. प्रचलित मार्गदर्शक सूचनांची संक्षिप्त प्रत त्यांनाही दिली होती. फरक पडला तो कर्मचाऱ्यांना शिकवण्याने आणि अडचणी त्यांच्याबरोबर बसून सोडवण्याने.

समजुतीच्या उलट जाणारे निष्कर्षही पोहोचायला हवेत. रुग्णाला जितक्या लवकर आणि जितका जास्त वेळ उठवून चालवावे तितके चांगले, असे आपण धरून चालतो. २,१०४ रुग्णांवरील २०१५ च्या अभ्यासात मात्र पहिल्या २४ तासांतच असा जोर लावलेल्या रुग्णांची स्थिती तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा काहीशी वाईट आढळली. याचा अर्थ रुग्णाला झोपवून ठेवावे असा नव्हे, पण हा बारकावा सांगणार कोण?

संशोधकांनी प्रत्येक अभ्यासासोबत साध्या भाषेतले एक पान लिहावे आणि छापण्यापूर्वी ते रुग्णाच्या एखाद्या नातेवाइकाकडून वाचून घ्यावे. आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्याची मुदत ‘साडेचार तास’ असे आपण छापता, तेव्हा ते तास लक्षण दिसल्यापासून नव्हे, तर रुग्णाला शेवटचे ठणठणीत पाहिले तेव्हापासून मोजतात, हेही त्याच वाक्यात छापावे. झोपेतून उठताना ज्याचा हात लुळा पडलेला असतो, त्याच्या घरच्यांना डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात.

आपली,
एक वाचक