बेटावर की प्रांतात?

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

भाषांतर कुठवर आलं, असं तू विचारलं होतंस. निम्म्याच्या पुढे गेलंय, पण गेले चार दिवस मी एका 'वर'पाशी अडकून बसलोय. हे तुलाच सांगावंसं वाटलं, कारण एवढ्याशा शब्दयोगी अव्ययासाठी माझ्याइतकाच जीव टाकणारा दुसरा कोणी माझ्या ओळखीत नाही.

हस्तलिखित कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या एका बाईंच्या आठवणींचं आहे. हे बेट म्हणजेच एक अख्खा प्रांत. कॅनडातला सगळ्यात लहान, सुमारे ५,६६० चौरस किलोमीटरचा, १८७३ साली कॅनडात सामील झालेला. त्यामुळे पानोपानी तोच प्रश्न उभा राहतो. बेट म्हणून 'वर' लावायचं, की प्रांत म्हणून 'मध्ये'? बाई बहुतेक ठिकाणी 'ऑन द आयलंड' म्हणतात. तिथले लोक आपल्या भूमीला नुसतं 'द आयलंड' म्हणतात, जणू जगात दुसरं बेटच नाही. पण निवडणूक, शाळा, कर असं काही निघालं की बाईंच्याही लेखणीतून 'इन' उतरतं.

आधी मी सरसकट 'मध्ये' लिहिलं. परकं नाव आलं की 'मध्ये' चिकटवायचं, ही आपल्या सगळ्यांचीच सवय. पण 'माझं बालपण प्रिन्स एडवर्ड आयलंडमध्ये गेलं' हे वाक्य मोठ्यानं वाचलं आणि जीव खट्टू झाला. त्यात समुद्र नाही, पायाखालची तांबडी माती नाही. एखाद्या अर्जातला रकाना भरल्यासारखं वाटतं. मग सगळीकडे 'वर' केलं. तर पुढच्याच प्रकरणात 'आयलंडवर नवा कर बसला' असं वाक्य तयार झालं, म्हणजे कर कोणी दुसऱ्यानेच त्या बिचाऱ्या बेटावर लादला!

तेव्हा लक्षात आलं की आपला 'वर' दोन अगदी वेगळी कामं करतो. जमिनीला लागला की तो पाय टेकवतो: गडावर, माळावर, बेटावर. मुलखाच्या नावाला लागला की त्यात स्वारी, सत्ता नाहीतर संकट येतं: दिल्लीवर राज्य, क्युबावर निर्बंध. लंका बेट खरी, पण रावण 'लंकेत' राहतो, सोन्याच्या विटाही 'लंकेत'च. रामाची चाल तेवढी 'लंकेवर'. म्हणजे आपल्या भाषेनं निवाडा कधीच करून ठेवलाय. नावात 'बेट' हा शब्द बोलून दाखवला तर 'वर', नुसतं नाव घेतलं तर 'त'. बाली बेटावर, पण बालीत.

आणि मग 'देशावर' आठवलं. कोकणात, खानदेशात, मराठवाड्यात, पण देशावर! हा देश म्हणजे राष्ट्र नव्हे, घाटापलीकडचं पठार. तरी तो प्रदेशच. मला वाटतं, हा 'वर' घाट चढून जाणाऱ्याचा आहे. बोलणारा खाली उभा आहे, हे त्या एका अक्षरजोडीत राहून गेलंय. कोकणातला माणूस बाहेरच्याला 'घाटावरचा' म्हणतो, तसं प्रिन्स एडवर्ड आयलंडचे लोक बाहेरून आलेल्याला 'फ्रॉम अवे' म्हणतात. आयुष्य तिथे काढलं तरी तो शिक्का सहजी पुसला जात नाही. बाईंचे वडील असे 'फ्रॉम अवे' होते. त्यांच्यासाठी मी 'बाहेरचे' लिहिलंय आणि आईसाठी 'बेटावरची'. 'बेटातली' लिहून पाहिलं होतं, पण ते बांबूच्या बेटातली वाटतं.

फ्रेंचांचंही पाहिलं, कारण कॅनडात ती भाषा टाळून चालत नाही. तिथे क्युबेक प्रांतासाठी 'ओ क्युबेक' आणि क्युबेक शहरासाठी 'आ क्युबेक'. बोलणारा शहराबद्दल बोलतोय की प्रांताबद्दल, ते एका स्वरावरून कळतं. शहरांना लागणारं हेच 'आ' पुष्कळ बेटांनाही लागतं: माल्टा, क्युबा, मॉरिशस. सिसिली आणि कॉर्सिकाला मात्र 'आँ', बऱ्याच देशांना लागतं तसं. हे वाचताना मी खुर्चीतून उठलोच. अरे, हा तर आपला 'ला'! आपण 'पुण्याला राहतो' म्हणतो, 'मॉरिशसला राहतो'ही म्हणतो, पण 'महाराष्ट्राला राहतो' कोणी म्हणत नाही. गाव आणि लहान बेट आपणही एकाच मापानं मोजतो, जणू नकाशावरचा एक ठिपका. व्याकरण शिकताना हे कोणी सांगितलं नव्हतं.

हा नुसता कानाचा प्रश्न नाही, हे मी चूक करून शिकलोय. दोन वर्षांपूर्वी एका लेखात मी 'व्हिक्टोरिया हे व्हँकुव्हरमधलं शहर' असं लिहून बसलो होतो. व्हँकुव्हर शहर मुख्य भूमीवर आहे. ब्रिटिश कोलंबियाची राजधानी व्हिक्टोरिया आहे व्हँकुव्हर बेटावर, मध्ये समुद्र. 'बेटावर' एवढा एक शब्द मी गाळला आणि राजधानी समुद्रापलीकडच्या गावात नेऊन ठेवली. लेख तसाच छापून आला, अजून सलतं. न्यूफाउंडलंडचंही तसंच. बेट त्या नावाचं, पण प्रांतात मुख्य भूमीवरचं लॅब्राडॉरही येतं. २००१ पासून प्रांताच्या नावातही ते आहे. तिथे 'बेटावर' आणि 'प्रांतात' यांची अदलाबदल केली तर केवढा तरी मुलूख आत येतो किंवा बाहेर पडतो.

प्रकाशनाकडून निरोप आलाय की एकच रूप ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. मी नाही म्हणून कळवलंय. बाईंच्या तोंडी, घरादाराच्या, वादळाच्या, बटाट्याच्या शेतांच्या गोष्टीत 'बेटावर'. सरकार, कायदा, कर आला की 'प्रांतात'. पूर्ण नावापुढे 'मध्ये' अगदीच नाइलाज असेल तिथे. वाचकाला यानं गोंधळायला होईल असं मला वाटत नाही. तो स्वतः दिवसभर देशावर आणि कोकणात बिनचूक बोलत असतो.

एकच वाक्य अजून हातात आहे, त्यासाठीच खरं तर हे पत्र. १९९७ साली तिथे मुख्य भूमीला जोडणारा पूल झाला, जवळजवळ १३ किलोमीटरचा. तोवर फेरीबोटच. पूल झाल्यावर बाई पहिल्यांदा गाडीनं घरी येतात, त्या जागी मी दोन वाक्यं लिहून ठेवलीत:

'पूल संपला आणि आम्ही बेटावर आलो.'

'पूल संपला आणि आम्ही बेटाला लागलो.'

दुसऱ्यात बोटीची चाल राहते, होडी किनाऱ्याला लागते तशी, आणि बाई जन्मभर बोटीनंच आल्यात. पण गाडी 'लागते' का रे? रात्री निवांत मोठ्यानं वाचून बघ, वहिनींनाही ऐकव, आणि कुठलं ठेवू ते लगेच कळव. सोमवारी हे प्रकरण पाठवायचंय.

तुझा,
सदा