कोर्टाच्या कडेची खुर्ची

कोल्हापूर,
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुझा फोन आला तेव्हा मी घाईत होतो आणि तुझ्या बोलण्याला नीट उत्तर देता आले नाही, याची रुखरुख अजून मनात आहे. एकेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात आपला एकही खेळाडू नसताना डेव्हिस चषक या देशादेशांच्या संघांमधल्या टेनिस स्पर्धेच्या लढतीसाठी सलग दोन दिवस सगळी कामे बाजूला ठेवण्यात काय अर्थ आहे, असे तू विचारलेस. प्रश्न तू विचारलास म्हणूनच तो मनाला लागला, कारण क्लबच्या कोर्टावर चेंडू गोळा करण्याच्या वयापासून या खेळाचे वेड आपण दोघांनी मिळून जोपासले आहे. म्हणून आज सवडीने लिहायला बसलो आहे.

आधी गेल्या आठवड्याचे सांगतो. १२ आणि १३ सप्टेंबरला स्वित्झर्लंडमधल्या बील शहरात आपला संघ यजमानांशी खेळला. एका लढतीत चार एकेरी आणि एक दुहेरी असे सामने, त्यांतले तीन जिंकेल त्याची लढत. पहिल्याच सामन्यात मदुराईचा दक्षिणेश्वर सुरेश हा उंचापुरा मुलगा उतरला. भारताकडून खेळण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती. क्रमवारीत तो सहाशेच्याही पलीकडे होता आणि समोरचा जेरोम किम दीडशेच्या आसपास, शिवाय नुकताच अमेरिकन ओपनच्या तिसऱ्या फेरीपर्यंत जाऊन आलेला. आपल्या मुलाने त्याला सरळ दोन सेटमध्ये हरवले. मग सुमित नागलने दुसरा एकेरी सामना जिंकला. दुसऱ्या दिवशी दुहेरी हातची गेली, पण नागलनेच परतीचा एकेरी सामना ६-१, ६-३ असा खिशात घालून लढत ३-१ अशी संपवली. युरोपातल्या देशाला त्याच्याच भूमीवर हरवण्याची ही १९९३ नंतरची पहिली वेळ. बत्तीस वर्षे झाली, बापू! त्या वर्षी फ्रेजूसच्या मातीच्या कोर्टावर लिएंडर पेस आणि रमेश कृष्णन यांनी फ्रान्सला हरवले, तेव्हा करवीर नगर वाचन मंदिरात एकच वर्तमानपत्र दोन टोकांना धरून आपण दोघांनी ती बातमी वाचली होती.

सहाशेच्या पलीकडचा मुलगा दीडशेच्या घरातल्या खेळाडूला हरवतो, हे नेमके याच स्पर्धेत वारंवार का घडते, याचा मी बराच विचार केला आहे. त्याचे उत्तर मला आपल्या तालमींत सापडते. खासबागेत कुस्ती लागते तेव्हा लाल मातीत पैलवान एकटाच असतो. पकड त्याची, दम त्याचा, पाठ लागली तर तीही त्याचीच. पण मैदानाच्या कडेला वस्ताद बसलेला असतो, त्याच्यामागे तालमीतली पोरे असतात आणि पुकारा होतो तो पैलवानाच्या नावाबरोबर तालमीच्याही नावाचा. टेनिसपटू वर्षभर वस्तादाविना खेळतो. व्यावसायिक स्पर्धांमध्ये सामना चालू असताना प्रशिक्षकाने खेळाडूशी बोलायला अनेक दशके मनाई होती, अलीकडे कुठे थोडी मोकळीक मिळाली आहे. डेव्हिस चषकात मात्र पूर्वीपासून कोर्टाच्या कडेला कर्णधाराची खुर्ची असते. प्रत्येक वेळी बाजू बदलताना खेळाडू तिथे येतो, पाणी पितो आणि कर्णधार त्याच्याशी बोलतो. मागे बाकीचा संघ उभा असतो. माझे लक्ष चेंडूइतकेच त्या खुर्चीकडे असते.

ती खुर्ची आपण अगदी जवळून पाहिली आहे. ४ फेब्रुवारी २०१७ चा शनिवार आठवतो का? न्यूझीलंडविरुद्धची लढत बालेवाडीला होती आणि दुहेरीत पेस खेळणार होता. डेव्हिस चषकातले दुहेरीचे बेचाळीस विजय इटलीच्या निकोला पिएत्रांजेलीच्या नावावर होते आणि पेसचेही तेवढेच झाले होते. त्रेचाळिसावा आपल्या डोळ्यांदेखत व्हावा म्हणून आपण अंधारातच मध्यवर्ती बसस्थानकावरून गाडी धरली. तुझ्या पिशवीत भडंगाचा पुडा होता आणि तो सातारा यायच्या आत संपला. पेस आणि विष्णुवर्धन यांनी पहिला सेट घेतला तेव्हा तू माझा दंड इतका घट्ट धरलास की संध्याकाळपर्यंत तिथे वळ होता. पुढचे तिन्ही सेट आपण गमावले. शेवटचा गुण गेल्यावर आपल्या भोवतीचे लोक उठून जाऊ लागले, तरी तू जागचा हलला नाहीस. भारताने लढत ४-१ अशी जिंकली खरी, पण ज्या दिवसासाठी आपण गेलो तो दिवस हरण्याचा निघाला. परतीच्या प्रवासात कराड येईपर्यंत आपण एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही.

त्या दिवशी कर्णधाराच्या खुर्चीवर आनंद अमृतराज बसले होते आणि कर्णधार म्हणून ती त्यांची शेवटची लढत होती. त्यांच्याकडे पाहताना माझ्या मनात सारखे १९७४ साल येत होते. माझे काका तेव्हा पुण्यात नोकरीला होते आणि त्या सप्टेंबरात पुण्यातच झालेली सोव्हिएत संघाविरुद्धची लढत त्यांनी पाहिली होती. ते घरी आले की तिचे वर्णन करताना जेवणाचे ताट बाजूला सरकवून बोटांनी जमिनीवर कोर्ट आखत. त्याआधी कोलकात्यात आपण ऑस्ट्रेलियाला ३-२ असे हरवले होते. बरोबरीतला सेट झटपट निकालात काढणारा टायब्रेकर नसलेल्या त्या काळात ती एक लढत ३२७ गेम चालली. विजय आणि आनंद हे दोघे भाऊ तेव्हा ऐन भरात होते. आदल्याच वर्षी विजय विम्बल्डन आणि अमेरिकन या दोन्ही स्पर्धांच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला होता. सोव्हिएत संघ हरला आणि भारत अंतिम फेरीत गेला. समोर दक्षिण आफ्रिका होती.

आणि भारत खेळला नाही. वर्णभेद हा ज्या राजवटीचा कायदा होता, तिच्या संघाबरोबर कोर्टावर उतरायचे नाही असे ठरले आणि चषक एकही चेंडू न मारता दक्षिण आफ्रिकेकडे गेला. अंतिम लढत न खेळताच विजेता ठरावा, असे त्या स्पर्धेत त्यापूर्वी कधी घडले नव्हते. विजय अमृतराज यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की तो चषक जिंकण्याची आपली ती सर्वांत चांगली संधी होती, आणि तरीही तो निर्णय योग्यच होता. मला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात. काका मात्र शेवटपर्यंत हळहळत. "खेळलो असतो तर जिंकलो असतो," असे म्हणत आणि लगेच, "पण खेळायला नको होते हेही खरे," असे स्वतःच जोडत. आपल्या संघाच्या शंभर वर्षांहून मोठ्या वाटचालीतले हे पान मला सर्वांत उजळ वाटते, आणि त्याबद्दल आपल्याकडे इतके कमी बोलले जाते याचे मला मनापासून वाईट वाटते.

बाकी दोन अंतिम फेऱ्या तुला पाठच आहेत. १९६६ साली कोलकात्यात ब्राझीलविरुद्ध शेवटच्या निर्णायक सामन्यात रामनाथन कृष्णन थॉमस कॉकपुढे दोन सेट विरुद्ध एक असे मागे होते, चौथ्या सेटमध्येही २-५ अशी स्थिती होती, आणि तिथून त्यांनी सामना फिरवला. पुढे अंतिम लढतीत मेलबर्नला ऑस्ट्रेलियाने आपल्याला ४-१ असे हरवले, पण तो एक विजय न्यूकोम्ब आणि रोश यांच्यासारख्या जोडीवर, आणि तोही कृष्णन व जयदीप मुखर्जी यांनी मिळवलेला. १९८७ चे तर आपण प्रत्यक्षच जगलो. दिल्लीच्या हिरवळीवर तेहतीस वर्षांच्या विजयने मॅच पॉइंट वाचवून अर्जेंटिनाच्या हाइतेला पाच सेटमध्ये नमवले आणि सिडनीत रमेशने वॉली मसूरला हरवून ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच हिरवळीवर बाहेर काढले. स्वीडनने अंतिम लढत मातीच्या कोर्टावर ठेवली, तिथे आपली डाळ शिजली नाही. यजमानाला मैदान निवडता येते, हाही या स्पर्धेचाच डाव आहे आणि तो आपणही कित्येकदा टाकला आहे.

आता बालेवाडीच्या त्या हुकलेल्या दिवसाकडे परत येतो, कारण तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर मला तिथेच आहे असे वाटते. पेस आणि महेश भूपती यांचे कोर्टाबाहेर किती बिनसले होते हे सगळ्या देशाने पाहिले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी तर भूपतीने त्याच्याबरोबर खेळायलाच नकार दिला. पण डेव्हिस चषकात हीच जोडी सलग २४ सामने हरली नाही, तो विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे. आनंद अमृतराज यांच्यानंतर कर्णधाराच्या खुर्चीवर भूपती आला. त्याने पहिल्याच लढतीत पेसला बाहेर बसवले तेव्हा तू किती संतापला होतास! आणि मग एप्रिल २०१८ मध्ये तियानजिनला चीनविरुद्ध पहिल्या दिवशी आपण ०-२ असे मागे पडलो. त्या अवस्थेत रोहन बोपण्णाबरोबर पेस दुहेरीला उतरला, पहिला सेट गमावूनही दोघांनी सामना जिंकला, पेसचा त्रेचाळिसावा विजय झाला आणि पुढे रामकुमार रामनाथन व प्रज्ञेश गुणेश्वरन यांनी दोन्ही एकेरी जिंकून लढत ३-२ अशी फिरवली. त्या वेळी कोर्टाच्या कडेच्या खुर्चीवर भूपतीच बसला होता. एरवी एकमेकांशी धड न बोलणारी ती दोन माणसे तिथे एकाच बाजूला होती. असे दृश्य मला टेनिसच्या दुसऱ्या कुठल्याही स्पर्धेत पाहायला मिळालेले नाही, आणि त्यासाठी मी दोन दिवसच काय, आठवडाही देईन.

तुझा एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. पाच सेटचे सामने तीन सेटवर आणले आणि तीन दिवसांची लढत दोन दिवसांत उरकायला सुरुवात केली, हे चांगले झाले नाही. कोलकात्यातला कृष्णन किंवा दिल्लीतला विजय आज तीन सेटमध्ये हरलाच असता, परत येण्याइतके अंतरच आता उरलेले नाही. शनिवारची दुहेरी म्हणजे सबंध दिवस त्या एकाच सामन्याचा असे. आता तो दुसऱ्या दिवसाचा केवळ पहिला सामना झाला आहे. ज्या देशाचा सगळा भरवसा दुहेरीवर होता, त्याला याची झळ इतरांपेक्षा अधिक बसली.

उद्या घटस्थापना आहे, घरात साफसफाई चालू आहे आणि ती करताना माळ्यावर आपली लाकडी रॅकेट सापडली. तिच्या तारा गेल्या आहेत, पण मुठीवर तू गुंडाळलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी अजून जशीच्या तशी आहे. दसऱ्याला घरच्यांना घेऊन इकडे ये. आपल्या संघाची पुढची लढत भारतात झाली तर तिच्या तिकिटांचे मी पाहतो. गाडीत भडंग मात्र तूच आण, आणि या वेळी दोन पुडे आण.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नाना