आईच्या फोनवर क्रमांक पुन्हा उमटू लागले: निवृत्त दूरध्वनी तंत्रज्ञ काकांना आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आमच्या मिरजेच्या घरातील दूरध्वनी तांब्याच्या तारेवरून फायबरवर गेल्यापासून आईच्या कॉलर आयडीवर, म्हणजे फोन करणाऱ्याचा क्रमांक दाखवणाऱ्या डबीवर, एकही क्रमांक दिसत नव्हता. आपण तो पुन्हा दिसता केलात, म्हणून हे पत्र. आभार आपल्यासमोर मानलेच होते. तरीही ते सर्वांसमक्ष लिहून काढावेत असे वाटले, कारण आपण नेमके काय केलेत हे इतरांनाही कळायला हवे. वयस्कर माणसे अजूनही घरच्या फोनवरच विसंबून आहेत अशी घरे आपल्या भागात थोडी नाहीत, आणि त्यांतील कित्येकांची अडचण हीच असणार.

संधिवाताने आखडलेल्या बोटांना मोबाईलच्या काचेवरची खूण नीट साधत नाही, म्हणून आई बटणांचा जुना फोनच वापरते. त्याच्या शेजारची कॉलर आयडीची डबी बाबांनी घेतलेली. तिच्यावरचे आकडे ठळक आहेत आणि चष्मा हाताशी नसला तरी तिला वाचता येतात. ते आकडे बंद झाल्यावर आई प्रत्येक फोन धास्तीने उचलू लागली. बँकेतून बोलतो, पोलिसांतून बोलतो असे सांगून एकट्या वृद्धांना घाबरवणाऱ्यांच्या बातम्या तिने वाचलेल्या होत्या. पुढे पुढे ती फोन उचलेनाशीच झाली आणि आम्हा मुलांचे फोनही तसेच वाजून थांबू लागले. त्या दिवसांत माझ्या जिवाला जो घोर लागला होता तो आपण जाणलात, याचे ऋण मी कधीही विसरणार नाही.

दुकानदाराने डबी बिघडली असे सांगितले होते. कंपनीच्या मदत क्रमांकावर ‘फोनची घंटा वाजते, म्हणजे जोडणी ठीक आहे’ एवढेच उत्तर मिळाले. आपण मात्र कुणाचाही निष्कर्ष मान्य न करता आपला जुना टेस्ट फोन तारेला लावलात, मला मोबाईलवरून घरचा क्रमांक फिरवायला सांगितलात आणि रिसीव्हर न उचलता तारेवर काय ऐकू येते ते कान देऊन ऐकलेत. पहिल्या घंटेच्या आधी तारेवर शांतता होती. पहिली आणि दुसरी घंटा यांच्या मधल्या जागेत मात्र क्षणभर एक कर्कश चिवचिव आली. तेवढ्यावरून आपण दोष कुठे आहे ते ओळखलेत. डबीही चांगली होती आणि लाइनही. दोघींची भाषा वेगळी होती.

मग आपण मला जे समजावून सांगितलेत ते मी इथे जसेच्या तसे मांडते. क्रमांक पाठवण्याच्या मुख्य पद्धती दोन आहेत. पहिली डीटीएमएफ: फोनचे बटण दाबल्यावर जसे दोन स्वर एकदम निघतात, उदाहरणार्थ ९ या आकड्यासाठी ८५२ आणि १४७७ हर्ट्झ, तसेच स्वर येणाऱ्या क्रमांकाच्या एकेका आकड्यासाठी धाडले जातात, आपल्याकडच्या तांब्याच्या लाइनवर टेलिफोन केंद्र आधी तारेवरील विजेची दिशा उलटवून डबीला सावध करी आणि पहिल्या घंटेपूर्वीच हे आकडे पाठवी. दुसरी एफएसके: यात क्रमांक सेकंदाला १२०० बिट या वेगाने दोन वारंवारितांच्या अदलाबदलीतून जातो, बहुधा पहिल्या दोन घंटांच्या मध्ये, आणि सोबत तारीख, वेळ व कधी नावही पाठवता येते. आमची जुनी डबी केवळ डीटीएमएफ ओळखणारी होती, तर फायबरचे नवे यंत्र फोनच्या खाचेतून एफएसके पाठवत होते. हे कळल्यावर नवी, दोन्ही पद्धती वाचणारी डबी आणणे हा सोपा मार्ग होता आणि मी तशी तयारीही दाखवली. आपण म्हणालात, “ताईंना जी सवयीची आहे तीच चालली पाहिजे, बदलायचेच तर यंत्राचे बदलू.” त्यानंतर फायबरची जोडणी सांभाळणाऱ्या मुलाला स्वतः फोन करून यंत्राच्या मांडणीतील कॉलर आयडीचा प्रकार त्याच्याकडून बदलून घेतलात. ज्या घरांत अशी मांडणी बदलता येत नसेल त्यांनी मात्र खोक्यावर एफएसके आणि डीटीएमएफ ही दोन्ही नावे छापलेली डबीच घ्यावी, हेही आपण बजावलेत.

घरातील तारांचे काम आपण केलेत त्याचे मोल मला नंतर उमगले. फायबरचे यंत्र दिवाणखान्यात आणि आईचा फोन आतल्या खोलीत. मध्ये नवी वायर भिंतीवरून लोंबू द्यायची नाही, असे आपले म्हणणे. त्यासाठी जुनीच घरातली वायर वापरायची ठरली. पण त्याआधी आपण दारावरच्या रोझेटमध्ये, म्हणजे तारा जोडण्याच्या लहान डबीत, बाहेरून येणारी जुनी ड्रॉप वायर सोडवून तिची टोके वेगवेगळी गुंडाळलीत, कारण ती तशीच राहिली असती तर बाहेरच्या तारेतील दोष किंवा वीज यंत्रापर्यंत पोहोचण्याचा धोका होता. जुन्या ब्रॉडबँडचा, फोन आणि इंटरनेट वेगळे करणारा स्प्लिटर आता निरुपयोगी आहे म्हणून तोही काढलात. डबीच्या ‘लाइन’ लिहिलेल्या खाचेत भिंतीकडची वायर आणि ‘फोन’ लिहिलेल्या खाचेत फोनची, हे तर मलाही ठाऊक होते. परंतु खोलीतील दुसऱ्या, समांतर जोडलेल्या फोनची सैल झालेली पिन आकडे चुकवू शकते हे आपण दाखवल्याशिवाय मला कळले नसते. तांब्याच्या लाइनला केंद्रातूनच ४८ व्होल्ट मिळत, त्यामुळे वीज गेली तरी फोन चाले. फायबरच्या यंत्राला घरची वीज लागते, म्हणून त्याला लहानसा बॅकअप जोडायला सांगितलात, तोही आता बसवला आहे.

खरे तर आपण ज्या आस्थेने आईला शिकवलेत त्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. आपण तिच्या शेजारी बसून मोठ्या अक्षरांत एक कागद लिहिलात. ०२३१ म्हणजे कोल्हापूर, ०२१७ म्हणजे सोलापूर, ०२० म्हणजे पुणे. आकडे ००९६८ ने सुरू झाले तर मस्कतची धाकटी मुलगी. जाहिरातींसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक असतात, ते न उचलले तरी चालते. बँका आणि सरकारी कार्यालयांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ची मालिका ठेवलेली आहे. उलट फोन करताना डबीवरच्या दहा आकडी मोबाईल क्रमांकाआधी शून्य लावायचे, कारण १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या फोनवरून मोबाईलला तसे करणे बंधनकारक आहे. आमच्या डबीला घड्याळाची वेळ लाइनवरून मिळत नाही, तेव्हा सेल बदलल्यावर ती हाताने कशी लावायची, हे आपण तिच्याकडूनच करवून घेतलेत. ती अडखळली तेव्हा मी पुढे होऊ लागले, तर आपण मला हातानेच थांबवलेत.

त्या कागदावर आपण एक वाक्य अधोरेखित केले आहे: दिसणारा क्रमांक ही बोलणाऱ्याची ओळख नव्हे. खोटा क्रमांक दाखवता येतो, परदेशातून येणारा फोनही भारतीय क्रमांक धारण करून येऊ शकतो, आणि असे फोन अडवणारी यंत्रणा दूरसंचार विभागाने २०२४ मध्ये सुरू केली असली तरी ओटीपी किंवा खात्याचा तपशील मागणाऱ्याशी बोलणे तिथेच संपवायचे. फसवणूक झालीच तर १९३० वर तत्काळ कळवायचे. डबी दुरुस्त करणाऱ्या माणसाने डबीवर पूर्ण भरवसा ठेवू नका असे सांगावे, यात मला आपला प्रामाणिकपणा दिसला.

आपण मानधन घेतले नाहीत, चहाही घाईत घेतलात. आता आई फोन वाजला की आधी आकडे वाचते, ओळखीचे असतील तर नाव मोठ्याने उच्चारते आणि मगच रिसीव्हर उचलते. अनोळखी क्रमांक ती वहीत टिपून ठेवते आणि संध्याकाळी मला वाचून दाखवते. माझे फोन तसेच वाजून थांबणे बंद झाले आहे.

एक विनंती आहे. आपण लिहून दिलेल्या कागदातील आमच्या घरचे तपशील वगळून त्याच्या प्रती आमच्या गल्लीतील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावरील मंडळींना द्याव्यात, असे आईच्या मनात आहे. आपली अनुमती असल्यास आणि त्यात काही भर घालायची असल्यास कृपया कळवावे. आईने आपला क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. आपला फोन आला तर ती तो नक्की उचलेल.

आईचे अनेक आशीर्वाद आणि माझा सादर नमस्कार.

आपली कृतज्ञ,
मिरजेच्या ताईंची थोरली लेक