गवताला जपायचे, मुलींना नाही?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या कालच्या क्रीडापानावरील ‘कृत्रिम हिरवळीचे युग’ हा प्लास्टिकच्या गवताची मैदाने वाखाणणारा लेख वाचला. लेखकमहाशयांनी पाणी, पाऊस, देखभाल आणि एका मैदानावर वर्षाकाठी बसवता येणारे सामने यांचा हिशेब नेटका मांडला आहे, त्याबद्दल त्यांचे अभिनंदन. मात्र त्या मैदानावर जो माणूस पडतो, त्याचा या हिशेबात कुठेच पत्ता नाही. खेळाडूंच्या तक्रारी हा ‘केवळ सवयीचा प्रश्न’ आहे, असे एका वाक्यात उरकून ते पुढच्या मुद्द्याकडे वळले आहेत. माझी मुलगी फुटबॉलमध्ये गोलरक्षक आहे. गोलरक्षकाला पडण्याची सवय करावी लागते हे मला ठाऊक होते. सोलवटून निघण्याचीही करावी लागते, हे ज्ञान मात्र कालच्या लेखामुळे झाले.

गेल्या हंगामातील एका स्पर्धेत मुलींचे सगळे सामने कृत्रिम मैदानावर आणि तेही भर दुपारी ठेवण्यात आले होते. त्याच संकुलात, जाळीच्या कुंपणापलीकडे, खऱ्या गवताचे सुरेख मैदान होते आणि त्याच्या फाटकाला कुलूप होते. चौकशी केली तेव्हा आयोजकांपैकी एका गृहस्थांनी अत्यंत नम्रपणे सांगितले, “ताई, ते मैदान मुलांच्या अंतिम सामन्यासाठी राखून ठेवलंय. आत्ता खेळवलं तर गवत खराब होईल.” म्हणजे मुलींपासून गवताचे रक्षण करायचे होते आणि तेवढ्यासाठी मुलींना प्लास्टिकवर पाठवण्यात आले होते. त्यातल्या एका सामन्यात माझ्या मुलीने डावीकडे झेपावून एक चेंडू बाहेर घालवला, टाळ्या मिळाल्या, आणि ती उठली तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी गेलेली होती. ही जखम खोल नसते, पण रुंद असते, सतत पाझरत राहते आणि तिच्यात प्लास्टिकच्या पात्यांमध्ये पसरलेले रबराचे काळे दाणे रुतून बसतात. घरी आल्यावर मी ते चिमट्याने एकेक करून काढले. रात्री चादर हाताला चिकटली आणि सकाळी ती पाण्याने भिजवून सोडवावी लागली. याची सवय नेमकी कितव्या सामन्यापर्यंत होते, हे लेखकांनी कळवल्यास आभारी राहीन.

तक्रार केल्यावर मला ‘मैदान प्रमाणित आहे’ असे उत्तर मिळाले. प्रमाणपत्राला मुदत असते, ती संपली की मैदानाची फेरचाचणी करावी लागते, कारण वापराने प्लास्टिकची पाती आडवी पडतात आणि त्यांच्यामधली वाळू व रबर दबून घट्ट होते. हे प्रमाणपत्र कोणत्या वर्षीचे, असे विचारताच त्या गृहस्थांना एक महत्त्वाचा फोन आला. ‘देखभालमुक्त’ हा लेखकांचा लाडका शब्द याच कारणाने मला पटत नाही. या मैदानांची नियमित झाडणी करावी लागते, दाण्यांची भर घालावी लागते, साधारण दहाएक वर्षांत सगळा थर उखडून नवा अंथरावा लागतो, आणि उन्हाळ्यात त्यावर पाणीही मारावे लागते. ते गवतासाठी नव्हे, तर पाय भाजू नयेत म्हणून. खरे गवत पाण्याची वाफ सोडून स्वतःला थंड ठेवते, तर प्लास्टिक आणि काळे रबर ऊन शोषून तापत राहते, आणि मारलेल्या पाण्याचा गारवा फार काळ टिकत नाही. कॅनडातील २०१५ च्या महिला विश्वचषकाच्या सलामीलाच एडमंटनच्या मैदानाचा पृष्ठभाग ४९ अंश सेल्सिअसच्या घरात गेला होता. एडमंटन काही वाळवंटात नाही.

त्या स्पर्धेचा उल्लेख लेखात एका ओळीत, तोही ‘यशस्वी प्रयोग’ म्हणून आला आहे, याचे मला विशेष नवल वाटले. सहाही मैदाने कृत्रिम असलेल्या त्या विश्वचषकाविरुद्ध अमेरिकेची अॅबी वॉमबाक, ब्राझीलची मार्ता आणि जर्मनीची गोलरक्षक नादिने आंगेरेर यांच्यासह अनेक खेळाडूंनी ऑक्टोबर २०१४ मध्ये कॅनडातल्याच ऑन्टारिओ प्रांताच्या मानवाधिकार न्यायाधिकरणाकडे दाद मागितली होती. पुरुषांना ज्यावर खेळायला सांगितले जात नाही त्यावर आम्हाला का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी ती तक्रार मागे घेतली आणि स्पर्धा प्लास्टिकवरच झाली. प्रयोग यशस्वी ठरला असेल, तर तो पुरुषांवर का झाला नाही? पुरुषांचा एकही विश्वचषक आजवर पूर्णपणे कृत्रिम मैदानांवर खेळवलेला नाही. २०२६ साठी निवडलेल्या १६ स्टेडियमांपैकी ८ स्टेडियमांत एरवी कृत्रिम हिरवळ असते, आणि तिथेही विश्वचषकासाठी नैसर्गिक गवत घालण्याची फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेची अट आहे. १९९४ च्या पुरुषांच्या विश्वचषकासाठी तर अमेरिकेतील पाँटियाकच्या छप्पर असलेल्या सिल्व्हरडोममध्ये षटकोनी साच्यांत गवत वाढवून ते आत नेऊन जुळवले गेले. ज्यांचा शब्द चालतो त्यांच्यासाठी गवत छपराखालीही उगवते, आणि ज्यांचा चालत नाही त्यांना सवयीचा सल्ला मिळतो.

‘युग’ म्हणावे तर ते एकदा येऊनही गेले आहे. इंग्लंडमध्ये क्वीन्स पार्क रेंजर्स या क्लबने १९८१ मध्ये असे मैदान घातले, पाठोपाठ ल्यूटन, ओल्डहॅम आणि प्रेस्टन यांनीही घातले. चेंडू वेडावाकडा उसळतो म्हणून पाहुणे संघ वैतागले, आणि १९९४ मध्ये प्रेस्टनने त्यातले शेवटचे मैदान काढून टाकले. आजची पाती तेव्हापेक्षा पुष्कळ सुधारली आहेत हे मी नाकारत नाही. तरीही नेदरलँड्सच्या अव्वल लीगने २०२५-२६ च्या हंगामापासून, तर स्कॉटलंडच्या अव्वल लीगने २०२६-२७ पासून ही मैदाने बंद करण्याचे ठरवले. युरोपीय महासंघाने रबराच्या या दाण्यांच्या विक्रीवर २०२३ च्या नियमानुसार आठ वर्षांच्या मुदतीनंतर बंदी घातली आहे, कारण ते सूक्ष्म प्लास्टिक म्हणून माती-पाण्यात पसरतात. आमच्या उंबऱ्याशी मुलीचे बूट झटकले की जे काळे दाणे पडतात, तेच हे.

कृत्रिम मैदानावर खेळणाऱ्या नॉर्वेच्या बोदो/ग्लिम्ट क्लबला मी दोष देणार नाही. उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, जिथे ऐन हिवाळ्यात सूर्य जेमतेम दिसतो, तिथे प्लास्टिकशिवाय दुसरा इलाज नसेल. ज्या मैदानावर सकाळपासून रात्रीपर्यंत पोरे सरावाला येतात, तिथेही गवत टिकणे कठीण, हेही मान्य. परंतु आमच्या बाबतीत इलाज होता. तो कुंपणापलीकडे होता आणि त्याची किल्ली आयोजकांच्या खिशात होती.

क्रीडापानावर या विषयाचा पुढचा लेख छापणार असाल, तर तो एखाद्या गोलरक्षकाकडून लिहून घ्यावा, आणि शक्यतो महिला गोलरक्षकाकडून, ही विनंती.

कळावे,
आपली,
एका गोलरक्षक मुलीची आई

ता. क. : लेखासोबत छापलेल्या मोठ्या छायाचित्रात खेळाडूच्या बुटाखालून मातीचे चांगले मोठे ढेकूळ उडताना दिसते. कृत्रिम मैदानातून माती उडत नाही. कृत्रिम हिरवळीचे गुणगान करायलाही आपल्याला खऱ्या गवताचेच छायाचित्र सापडले, यावर लेखकमहाशयांचे काय म्हणणे आहे तेही छापावे.